जुनं हातात आल्याशिवाय नवं द्यायचं नाही

सुधारणांचा वर्कफ्लो नव्या टूलमध्ये बसवायला येणारा सॉफ्टवेअरवाला पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडून तुला म्हणेल, "मॅडम, तुमचा फ्लो सांगा." तेव्हा लगेच सांगायला बसू नकोस. बसलीस तर क्वालिटी मॅन्युअलमध्ये चौकटी आणि बाण काढून छापलेला फ्लोच सांगशील, आणि तुमच्या चाकणच्या प्लँटमध्ये तो कुणी पाळत नाही हे तुलाही ठाऊक आहे. त्याच्याकडून पंधरा दिवस मागून घे. तेवढ्यात एक चालू बदल पकड. एखाद्या ब्रॅकेटच्या भोकाचा व्यास बदलायचाय, एवढा साधा चालेल. आणि त्याच्या मागे मागे चालत राहा. डिझाइनवाल्याने मेल कधी टाकला, तो कुणाच्या इनबॉक्समध्ये किती दिवस पडला, टूलरूमला कागद गेला की नुसता फोन, वेंडरला परचेसने कळवलं की वेंडरच्या मुलाने इथे येऊन मोबाइलवर ड्रॉइंगचा फोटो काढून नेला. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि वेळ लिहून ठेव. बहुतेक वेळा दिसेल ते असं, की हाताने करायचं काम काही तासांचं असतं आणि बाकी सगळे दिवस कुणाच्या तरी टेबलावर वाट पाहण्यात जातात. जिथे वाट पाहणं आहे, जिथे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना गोष्ट खाली पडते, तिथे टूल लावायचं. लोक आपापलं काम नीट करताहेत तिथे लुडबुड नको.

मी सॉफ्टवेअरमधली नाही, हे तुला माहीत आहेच. भोसरीत ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले तेव्हा ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं आणि अमोनिया प्रिंटच्या मशीनचा डोळे चुरचुरवणारा वास, एवढाच आमचा संसार होता. पुढे ऑटोकॅड आलं, मग पीएलएम आलं, आणि ईसीएनचा, म्हणजे ड्रॉइंगमधले बदल कळवणाऱ्या नोटिशींचा, सगळा कारभार माझ्याकडे आला. एवढी टूलं बदलली, तरी आमच्या सेक्शन हेडनी पहिल्या आठवड्यात दिलेला नियम मी निवृत्त होईपर्यंत सोडला नाही: जुना प्रिंट हातात आल्याशिवाय नवा प्रिंट द्यायचा नाही. सेटर कितीही घाईत असो, त्याचा सुपरवायझर कितीही ओरडो. रजिस्टरमध्ये नव्याची सही, जुन्याचा रिव्हिजन नंबर, आणि जुन्यावर 'ऑब्सोलिट'चा लाल शिक्का. ड्रॉवरमध्ये दोन प्रिंट राहिले की रात्रपाळीत जुनाच बाहेर निघतो. तो मळलेला असतो, ओळखीचा असतो, आणि सेटरने त्याच्यावर स्वतःच्या अक्षरात ऑफसेट लिहून ठेवलेले असतात. माणूस नवी पद्धत नाकारतो असं नाही गं, जुनी हाताशी असते म्हणून ती उचलतो.

तुझ्या वर्कफ्लोमध्ये पहिल्यांदा हेच बसव. कुठलीही सुधारणा 'लागू झाली' म्हणून पुढच्या टप्प्यात जायची असेल तर जुनं कुठून कुठून काढलं, याची यादी पुरी झाली पाहिजे. मशीनजवळचा वर्क इन्स्ट्रक्शनचा कागद. सीएनसीच्या मेमरीतला जुना प्रोग्रॅम. ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवरचाही, कारण तो असतोच. जुना गेज, ज्याला निदान लाल रंग मारून कपाटात कुलूपबंद केलं पाहिजे. वेंडरकडची प्रत. आणि स्टोअरमधला जुना माल: वापरून संपवायचा, रीवर्क करायचा की भंगारात काढायचा, आणि कुठल्या बॅचपासून नवा सुरू. यातलं एकही राहिलं तर टूलने पुढे जाऊ देता कामा नये. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, हे सगळं एका चेकबॉक्समध्ये घालू. घालू देऊ नकोस. एकच चेकबॉक्स असला की माणूस टिक करतो आणि चहाला जातो. प्रत्येक ओळीला वेगळा माणूस आणि जमेल तिथे फोटो.

हे फक्त कारखान्याचं दुखणं आहे असं समजू नकोस. तुझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यालाही हे वाचायला दे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा कोड चढवला. सर्व्हर आठ होते. सातांवर नवा कोड गेला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या कामासाठी जो संकेत वापरला, तोच एके काळी त्या जुन्या कोडला जागा करायचा. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर बेभान ऑर्डरी सोडत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्वच पुढे संपलं. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१३ मध्ये जो आदेश काढला, त्यात दोन गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. एक म्हणजे कोड चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासावा अशी लेखी पद्धतच नव्हती. आणि दुसरी मला जास्त लागली: त्या सकाळी आठनंतर, बाजार उघडण्याच्या बऱ्याच आधी, त्यांच्याच सिस्टिमने त्या जुन्या कोडचं नाव घेऊन ९७ ईमेल पाठवले होते. ते एका ग्रुपला गेले. ते इशारे म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिलं नाही.

म्हणून नोटिफिकेशनच्या बाबतीत हात आखडता ठेव. नवं टूल आलं की पहिल्या महिन्यात सगळ्यांना सगळ्याचे मेल जातात. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक जण आउटलुकमध्ये रूल लावून ते थेट एका फोल्डरमध्ये पाठवतो, आणि त्या दिवसापासून तुझं टूल मुकं झालं. ग्रुपला गेलेला निरोप कुणालाच गेलेला नसतो. ज्याने काही करायचंय त्या एकाच माणसाला सांग. बाकीच्यांना हवं तर येऊन बघू देत. सकाळी शिफ्ट सुरू होताना प्रत्येकाला फक्त 'आज तुझ्या हातात काय आहे' एवढी एक यादी गेली तरी पुष्कळ झालं.

आता टप्पे. सॉफ्टवेअरमध्ये टप्पे वाढवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते वाढतात. 'रिव्ह्यूसाठी', 'रिव्ह्यू चालू', 'रिव्ह्यू झाला, अप्रूव्हलसाठी', 'अप्रूव्हल चालू'. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचार: इथे असताना ही गोष्ट कुणाच्या हातात आहे? दोन टप्प्यांना एकच उत्तर आलं तर एक काढून टाक. उत्तर 'टीमच्या' असं आलं तर तो टप्पा नव्हे, ती अडगळ आहे. आणि हातात म्हणताना माणसाचं नाव नको, पद घाल. चाकणला माणसं वर्ष-दोन वर्षांत पलीकडच्या कंपनीत जातात. गेलेल्या माणसाच्या नावावर चाळीस तिकिटं, म्हणजे टूलमधल्या नोंदी, अडकून बसलेली तू बघशीलच.

सह्यांचं तर विचारू नकोस. आमच्याकडे एके काळी ईसीएनवर इतक्या सह्या होत्या की कागदाच्या मागच्या बाजूला जावं लागे. सही करणाऱ्या प्रत्येकाला मी पुढे एक गोष्ट विचारायला लागले, अगदी नम्रपणे, कारण ते सगळे मोठे साहेब होते: साहेब, या कागदात अशी कुठली चूक असू शकते की जी फक्त तुम्हीच पकडाल, दुसरं कुणी नाही? टूलिंगवाले लगेच सांगायचे. फिनान्सवालेही सांगायचे. काही जण हसून म्हणायचे, आम्हाला नुसतं कळायला हवं. ज्यांना नुसतं कळायला हवं त्यांना कळव, त्यांच्यासाठी गाडी थांबवू नकोस. उरलेल्यांच्या सह्या एकामागून एक न घेता एकाच वेळी माग. मोठ्या साहेबांचा मान जाईल अशी भीती वाटेल तुला. जात नाही. उलट महिन्याच्या शेवटी शंभर सह्या करण्यातून सुटल्याबद्दल बरेच जण मनातून खूश होतात.

मीटिंगमध्ये ठरलेलं टूलमध्ये मीटिंग संपायच्या आत गेलं पाहिजे, हे मात्र कडक पाळ. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणावर २०१४ साली जो चौकशी अहवाल निघाला, त्यात त्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकारी मेरी बॅरा यांनीच 'जीएम नॉड' नावाच्या प्रकाराचं वर्णन केलंय: खोलीतले सगळे मान डोलावतात, ठरलं म्हणतात, आणि ते करायचा इरादा कुणाचाच नसताना बाहेर पडतात. आपल्याकडे तर मान डोलावण्याला वेगळं नाव द्यायचीही गरज पडली नाही.

त्याच प्रकरणातून तुला दोन गोष्टी सांगते, कारण ईसीएन सांभाळणाऱ्या कुणाही माणसाने हा अहवाल एकदा वाचावाच. त्या गाड्यांत, म्हणजे शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या जोडीच्या इतर काही गाड्यांत, किल्ली फिरवायला लागणारा जोर ठरल्यापेक्षा कमी होता. स्पेसिफिकेशनमध्ये किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर होता, प्रत्यक्षात स्विच त्याच्या खाली. गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला की चालत्या गाडीची किल्ली मागे फिरायची, इंजिन बंद व्हायचं आणि पुढे अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. आता गंमत बघ. तक्रारी नोंदवण्याचं टूल त्यांच्याकडे नव्हतं असं अजिबात नाही. होतं, आणि त्यात नोव्हेंबर २००४ मध्ये हा प्रश्न रीतसर उघडलाही गेला होता. मार्च २००५ मध्ये तो बंद केला. कारणं लिहिली होती: सगळ्या उपायांना वेळ फार लागेल, टूलिंगचा आणि पीसचा खर्च फार, आणि एकही उपाय पूर्ण लागू पडत नाही. म्हणजे वर्कफ्लो शेवटपर्यंत नीट चालला. टप्पे सरकले, कारण भरलं, तिकीट बंद झालं. गाडी तशीच राहिली.

म्हणून 'बंद' ही एकच अवस्था ठेवू नकोस, निदान दोन ठेव. एक, केलं आणि परिणाम तपासला. दुसरी, करायचं नाही असं ठरवलं. दुसरीला नाव लागेल, कारण लागेल, आणि पुन्हा कधी बघायचं याची तारीख लागेल. ती तारीख आली की टूलने तिकीट आपोआप पुन्हा उघडलं पाहिजे, कुणी आठवण करायची वाट न बघता. आणि सेफ्टीशी संबंधित काही असेल तर 'करायचं नाही' हे खालच्या माणसाला निवडताच येऊ नये. 'खर्च जास्त' हे कारण खोटं नसतं गं, बऱ्याचदा अगदी खरं असतं. पण ते कुणी म्हटलं आणि काय माहीत असताना म्हटलं, हे दिसायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. २००६ मध्ये तो स्विच सुधारला गेला. कुणीतरी शहाणपणा केला म्हणायचा. पण पार्ट नंबर बदलला नाही. नंबर तोच, आतला भाग वेगळा. पुढे कंपनीचेच लोक वर्षानुवर्षं कोड्यात पडले की अमुक सालापर्यंतच्या गाड्यांत हे होतं आणि नंतरच्यांत का नाही, कारण कागदावर दोन्ही स्विच एकच होते. शेवटी २०१३ च्या सुमारास एका खटल्यातल्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा उलगडा झाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. तुझ्या बदलाच्या फॉर्मवर इतर कुठलेही रकाने काढून टाकायची वेळ आली तरी एक प्रश्न कधी काढू नकोस: जुना आणि नवा एकमेकांच्या जागी बिनधास्त चालतील का? 'नाही' निवडलं की टूलने नवा पार्ट नंबर मागायचा, आणि तो दिल्याशिवाय हलायचं नाही. लोक भांडतील. नवा नंबर म्हणजे एसएपीत नवी एंट्री, नवं लेबल, ग्राहकाकडे पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीचे कागद. त्या कटकटीला घाबरूनच तर सुधारणा चोरून होते. चोरून केलेली चांगली सुधारणा आणि चोरून केलेला घोळ, दहा वर्षांनी शोधणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. जेवढे सक्तीचे रकाने, तेवढे टिंब. तू डेटा काढून बघ, कुठल्या रकान्यात लोकांनी नुसतं '.' टाकलंय किंवा 'एनए'. तो रकाना पुढे कुणी वाचत नाही, हे लिहिणाऱ्याला कळलेलं असतं. आपल्यालाच कळायला उशीर होतो. अशा रकान्यासाठी प्रशिक्षण घेऊ नकोस. काढून टाक, नाहीतर वाचणारा माणूस नेम. जपानमधले शिगेओ शिंगो १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले होते. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि कामगार कधी कधी एक विसरायचे. मॅनेजर दर वेळी 'लक्ष द्या' म्हणायचा, काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. शिंगोंनी एवढंच सुचवलं की काम सुरू करताना आधी दोन स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवा, मग बसवा. ताटलीत एक उरली तर बसवायची राहिली, हे तिथल्या तिथे दिसतं. तुझा सक्तीचा रकाना असा हवा. काम करायच्या आधी, करणाऱ्याच्याच हाताशी, आणि चूक झाली तर त्याला स्वतःला त्याच क्षणी दिसेल असा. काम झाल्यावर आठवड्याने, दुसऱ्याने, आठवून भरायचा रकाना म्हणजे नुसता छळ.

८डी, म्हणजे दोष सोडवण्याच्या आठ पायऱ्यांचे, रिपोर्ट तुझ्या टेबलावर खूप येतील. फोर्डने १९८७ मध्ये ती पद्धत पुस्तकात घातली, आणि तेव्हापासून जगभरात सातवा डी, म्हणजे पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हा सगळ्यात घाईत भरला जाणारा रकाना आहे. 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले.' हे वाक्य तुझ्या टूलमध्ये येऊच देऊ नकोस. ज्याला प्रशिक्षण दिलं तो मुलगा ट्रेनी किंवा कंत्राटी असतो, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून, कुणी बिहार-ओडिशातून आलेला, आणि काही महिन्यांत तो गेटबाहेर असतो. त्याच्या डोक्यातली सुधारणाही त्याच्याबरोबर बसमध्ये बसते. ती मशीनवर हवी, फिक्स्चरमध्ये हवी, कंट्रोल प्लॅनमध्ये आणि पीएफएमईएमध्ये, म्हणजे प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं त्याच्या तक्त्यात, हवी. टूलमध्ये सातव्या डीला मजकुराचा रकानाच ठेवू नकोस, त्याच्या जागी कागदपत्रांच्या लिंका ठेव: पीएफएमईएची कुठली ओळ बदलली, कंट्रोल प्लॅनचं कुठलं रिव्हिजन, त्याच फॅमिलीचे बाकी पार्ट कुठले आणि त्यांच्यावर काय केलं. लिंक नसेल तर तिकीट उघडं राहील, राहू दे.

आणि ते 'लेसन्स लर्न्ड'चं फोल्डर. प्रत्येक कंपनीत असतं आणि ते घरातल्या माळ्यासारखं असतं, वर टाकलेलं पुन्हा कुणी खाली काढत नाही. त्यापेक्षा शिकलेली गोष्ट नव्या पार्टच्या टेम्प्लेटमध्ये घाल. नवं फिक्स्चर काढायला बसलेल्या पोराने टेम्प्लेट उघडलं की जुना धडा तिथे आधीच प्रश्न होऊन बसलेला असावा. त्याला तो धडा आहे हे कळलं नाही तरी चालेल.

घाईची वाट ठेव. हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात, आमच्याकडे सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. ग्राहकाची लाइन थांबायला आली असताना पाच सह्यांचा फ्लो कुणी पाळणार नाही, आणि मी तरी पाळा म्हणणार नाही. म्हणून एक छोटी कायदेशीर पळवाट आपणच बांधून द्यायची: डेव्हिएशन. एका माणसाची सही, दहा मिनिटांत. पण त्यावर दोन आकडे सक्तीचे, किती पीस आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की ते आपोआप मरायला हवं, आणि वाढवायचं असेल तर आधीच्यापेक्षा वरच्या साहेबाकडे जायला हवं. तिसऱ्यांदा वाढवायची वेळ आली की टूलने सरळ ईसीएन उघडायचा, कारण आता तो अपवाद राहिलेला नाही, तीच तुमची पद्धत झाली आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या दर्जा मानकात तात्पुरत्या बदललेल्या प्रोसेस कंट्रोलसाठी स्वतंत्र कलम आहे, त्यामुळे ऑडिटरही याच्यावर बोट ठेवतो. पण ऑडिटरसाठी करू नकोस. मी पाहिलेले बरेचसे घोळ मोठ्या बदलांतून निघालेले नव्हते, ते 'आजच्यापुरतं' म्हणून दिलेल्या आणि मागे घ्यायच्या राहून गेलेल्या परवानग्यांतून निघालेले होते.

शॉपवरच्या माणसाला टूलमध्ये येता आलं पाहिजे. लॉगिन, पासवर्ड, इंग्रजी ड्रॉपडाउन असं असेल तर तो येणार नाही, तो त्याच्या सुपरवायझरला सांगेल आणि सुपरवायझर विसरेल. मशीनजवळ क्यूआर कोड लाव, फोटो आणि दोन वाक्यं मराठीत किंवा हिंदीत, बोलून रेकॉर्ड केली तरी चालतील. त्याहून महत्त्वाचं, त्याला उत्तर गेलं पाहिजे. 'नाही जमणार, कारण हे' असं उत्तर आठवड्यात गेलं तर तो पुन्हा सांगायला येतो. चार महिन्यांनी 'फार छान सूचना' असं प्रमाणपत्र दिलंस तर तो हसून घेईल आणि पुन्हा कधी येणार नाही.

आकड्यांपासून जरा जपून. वरून विचारणा होईल, या महिन्यात किती तिकिटं बंद झाली? एकदा का बंद केलेल्यांच्या संख्येवर कुणाचं अप्रेझल लागलं की तीस तारखेला संध्याकाळी तिकिटांची कत्तल होते. एकाची तीन होतात, तीन बंद होतात, आणि मूळ दुखणं नव्या नंबराने पुढच्या महिन्यात परत येतं. पीएफएमईएमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं: आरपीएन, म्हणजे धोक्याचा आकडा, शंभराच्या खाली आणायचा म्हणून डिटेक्शनचा आकडा एकाने कमी. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने आरपीएन काढून अॅक्शन प्रायॉरिटी आणली, त्याला कारणं बरीच होती, पण मला त्यातलं हे एक ओळखीचं वाटलं. तू संख्येऐवजी वय बघ. सगळ्यात जुनं उघडं तिकीट किती दिवसांचं आहे, आणि ते कुठल्या टप्प्यावर बसलंय. वय बघणाऱ्याला फसवणं कठीण जातं. आणि एकाच वेळी किती सुधारणा हातात घ्यायच्या याला मर्यादा घाल. टोयोटाच्या कानबानचं निम्मं शहाणपण कार्डांच्या मोजक्या संख्येत होतं. पंचवीस काइझेन एकदम उघडलीस तर पंचवीस अर्धवट राहतील.

टूल एकटं कुणालाही जागं ठेवत नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं, शॉपवर, उभ्याने, स्क्रीनसमोर. खुर्च्या नाहीत, प्रेझेंटेशन नाही. फक्त लाल झालेली तिकिटं आणि 'आज कोण काय करतंय'. शिवाय लेयर्ड ऑडिट लाव, म्हणजे सुपरवायझर रोज, मॅनेजर आठवड्याला, प्लँट हेड महिन्याला, तेच चार-सहा प्रश्न घेऊन त्याच मशीनजवळ जातील. टूलने त्यांची पाळी आपोआप लावावी आणि कोण गेलं नाही तेही सगळ्यांना दिसावं, प्लँट हेडसकट. प्लँट हेडच्या नावापुढे लाल दिसायला लागलं की बाकीच्यांचं हिरवं व्हायला वेळ लागत नाही. हा उपाय थोडा आगाऊपणाचा आहे, आधी त्यांच्या कानावर घाल.

आता शेवटचं, आणि हे कुणी तुला सांगणार नाही. टूलचे ॲडमिन राइट्स कुणाकडे आहेत ते पहिल्या दिवशी बघ. सहा-सात जणांकडे असतील तर दर आठवड्याला कुणीतरी एक रकाना वाढवेल, एक टप्पा घालेल, 'साहेबांनी सांगितलं' म्हणून. वर्षभरात तो फ्लो कुणालाच समजणार नाही. दोघांकडे ठेव: एक तू, एक आयटीमधला. वर्कफ्लो बदलायचा असेल तर त्यालाही ईसीएन, छोटासा, पण कारण आणि तारीख लिहिलेला. सहा महिन्यांनी एक दुपार काढून कुठला टप्पा, कुठला रकाना, कुठली नोटिफिकेशन कुणी वापरलीच नाही ते बघ आणि काढ. आणि हे सगळं नीट बसलं असं वाटलं की पंधरा दिवसांची रजा टाक. कोकणात जा, फोन बंद ठेव, तुझ्या आईलाही घेऊन जा, ती कधीची म्हणतेय. परत आल्यावर इनबॉक्स उघडायच्या आधी टूल उघड आणि त्या पंधरा दिवसांत तुझ्याशिवाय काय हललं, काय अडलं ते बघ. जे अडलं असेल तिथे अजून तूच उभी आहेस. तिथे पद घाल, नियम घाल, नाहीतर दुसरा माणूस शिकव, आणि मग पुढच्या मे महिन्याच्या रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेव.